घोटांची चढाओढ

उज्ज्वलाबाईंच्या दुधीच्या खिरीला बाळानं नऊ घोट घेतले आणि विहीणबाईंच्या सोलकढीला एकतीस.

भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला तेव्हा उज्ज्वलाबाई खिरीचं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं.

"एकतीस!" जावई निहार सोफ्यावरून उडालाच. "आई, मानलं तुला!"

"लबाड आहे मेलं," निहारची आई नीलमबाई म्हणाल्या आणि अशा काही लाजल्या, जणू त्यांनाच कुणी मागणी घातली होती. "सोलकढी आवडते होय रे तुला? ये बाहेर, मग घागरभर करते."

बाळ अजून जन्माला यायचं होतं. ते ऋजुताच्या पोटात होतं, सातव्या महिन्यात, आणि ऋजुता ही उज्ज्वलाबाईंची एकुलती एक लेक. म्हणजे हक्क कुणाचा? पहिलं बाळंतपण आईकडं, ही रीत काय आज पडलीय? पण लेकीच्या रक्तात साखर निघाली आणि तिच्या डॉक्टरीणबाई तिला गडहिंग्लजला पाठवायला तयार होईनात, म्हणून उज्ज्वलाबाईच घराला कुलूप लावून नाशिकला येऊन राहिल्या. त्या येऊन जरा कुठं टेकतात तोच वेंगुर्ल्याहून विहीणबाई टपकल्या. हातात नारळांची गोणी आणि तोंडात मध. 'म्हटलं, विहीणबाईंना एकटीला किती त्रास पडत असेल!' त्रास कसला डोंबलाचा? खरा त्रास तर त्या दिवसापासून सुरू झाला.

आता हे घोट म्हणजे काय ते सांगायला हवं. पोटातलं बाळ ज्या पाण्यात तरंगतं, ते पाणी ते दिवसभर थोडं थोडं गिळत असतं. आई जे खाते त्याची चव काही वेळानं त्या पाण्यात उतरते. लसूण उतरतो, बडीशेप उतरते, गाजरसुद्धा उतरतं. सातव्या महिन्यापर्यंत बाळाच्या जिभेला चव कळू लागलेली असते, आणि गोड लागलं की ते जास्त गिळतं. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, फक्त घरबसल्या मोजायची सोय नव्हती. ती घोटपट्टीनं केली. बेंबीखाली चिकटवायची ही पातळ पट्टी ध्वनिलहरी आत सोडते, बाळाच्या घशाची हालचाल टिपते आणि एकेक घोट मोजते. डॉक्टरांना ती हवी होती वेगळ्याच कामासाठी. बाळाचं गिळणं एकदम कमी झालं, तर आत काहीतरी बिनसलंय हे वेळेवर कळावं म्हणून. पण पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या लवकरच ध्यानात आलं की घरच्यांना त्यात काडीचा रस नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणाच्या हातचं खाल्ल्यावर किती घोट. मग कंपनीनं आकडा भिंतीवर दाखवायची सोय केली, वर टिंग असा आवाज ठेवला, आणि घरोघरच्या आज्यांची झोप उडाली.

दुसरं यंत्र म्हणजे चाखणी. दिसायला चहाच्या चमच्यासारखी. पदार्थात बुडवली की दांड्यातला दिवा लागतो. हिरवा म्हणजे खुशाल खा, पिवळा म्हणजे बेतानं, लाल म्हणजे लांब ठेव. साखर, मीठ, मासळीतला पारा, भेसळीच्या हळदीतलं शिसं, कच्च्या दुधातले आणि मोड आलेल्या कच्च्या कडधान्यातले जंतू, सगळं ती शोधून काढते. एरवी आपल्याला दोन दिवस पोट बिघडवून जाणारा जंतू गरोदर बाईच्या पोटातल्या जिवावर उठू शकतो, म्हणून ऋजुताच्या घरात चाखणीला विचारल्याशिवाय घास हलत नसे. आणि ही चाखणी वेंगुर्ल्याला फितूर आहे, असं उज्ज्वलाबाईंचं ठाम मत झालं होतं.

का होणार नाही? उज्ज्वलाबाईंचा हात गोडाचा. पुरणपोळी, सांज्याची पोळी, गव्हाची खीर. गडहिंग्लजच्या अर्ध्या गल्लीनं त्यांच्या हातचं खाऊन बोटं चाटली होती. पण लेकीला साखरेची बंदी, गुळाची बंदी, त्यामुळं त्यांची सगळी विद्या दारातच लाल. उरता उरलं बरणीभर लोणी. शेजारच्या म्हशीच्या दुधाचं, स्वतः घुसळून आणलेलं. त्यात चाखणी बुडवली तर असा लाल दिवा लागला की बघत राहावं.

"आई, दूध न तापवताच विरजलं होतंस का गं?" ऋजुतानं विचारलं.

"तशीच पद्धत आहे आपली. याच लोण्यावर वाढलीस तू."

"तेव्हा मी गरोदर नव्हते."

उज्ज्वलाबाईंचा चेहरा पडला. बरणी उचलून त्या मोरीकडं निघाल्या, तर नीलमबाई आडव्या आल्या. "टाकता कशाला हो विहीणबाई? कढवून तूप करू. कढलं की जंतू मरतात." आणि खरंच, कढवलेल्या तुपाला चाखणी हिरवी झाली. संध्याकाळी नीलमबाईंनी तांदळाच्या गरम भाकरीवर तेच तूप चोपडून सुनेला दिलं. टिंग! सव्वीस घोट. भिंतीवर नाव कुणाचं? ज्यानं पदार्थ बनवला त्याचं. लोणी उज्ज्वलाबाईंचं, म्हैस उज्ज्वलाबाईंच्या शेजारची, आणि नाव झळकलं 'नीलमआजी'!

बरं, नीलमबाई भांडकुदळ असत्या तर सोपं गेलं असतं. पण ती बाई भांडेच ना. उज्ज्वलाबाईंच्या, म्हणजे मगदुमांच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. ऋजुता लग्नानंतर खायला लागली. नीलमबाई बांगड्याचं तिखलं करायच्या, तेही खिडक्या उघडून, उज्ज्वलाबाईंना वास नको म्हणून. सुरमईला मात्र त्या हात लावत नसत. "मोठ्या मासळीत पारा जास्त, बाळाच्या मेंदूला बरा नव्हे," म्हणायच्या. एवढं समजूतदार वागणाऱ्या बाईवर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? उज्ज्वलाबाई गॅलरीत जाऊन बसत आणि काचेतून बघत. लेक पाची बोटांनी भात कालवतेय, काटा काढतेय, मिटक्या मारतेय. आणि हाक मारतेय, "नीलमआई, अजून थोडं कालवण!" आई म्हणायला हिला दुसरी मिळाली! उज्ज्वलाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेत तीस वर्षं मुलांना 'दुसऱ्याचं बघून जळू नये' असं शिकवलेली ही बाई, साठाव्या वर्षी जळून कोळसा झाली होती.

'बाळ बाहेर येईल ते हिच्याच मांडीवर जाईल,' त्यांच्या मनात यायचं. 'माझा आवाज ओळखणार नाही, माझ्या हाताची चव ओळखणार नाही. मी कोण? कधीतरी एसटीनं येणारी गावाकडची आजी.'

त्यात एका दुपारी ऋजुताचा घसा बसला. नीलमबाई बाजारात गेल्या होत्या. उज्ज्वलाबाईंनी बाळासाठी आणलेली बाळगुटीची पुरचुंडी सोडली, त्यातली ज्येष्ठमधाची काडी काढली, सहाणेवर चांगली उगाळली आणि कोमट दुधात कालवली. चाखणी बुडवली तर पिवळी. वर तिचा गोड आवाज, "ज्येष्ठमध. क्वचित चालेल, रोज नको."

"गप गं भवाने," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि दूध लेकीला दिलं.

तासाभरानं टिंग झालं. मग भिंतीवर आकडा चढत चढत गेला. पंचवीस, पस्तीस, अठ्ठेचाळीस! साखरेचा कण नाही आणि अठ्ठेचाळीस घोट! उज्ज्वलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं गं सोनुलं," त्या लेकीच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या. "ओळखलंस ना आजीला?"

नीलमबाई भाजीची पिशवी घेऊन दारातच थबकल्या. आकड्याकडं बघून त्यांनी तोंडभर कौतुक केलं, पण पिशवी ठेवताना त्यांचे खांदे जरा उतरले. उज्ज्वलाबाईंनी ते बरोबर टिपलं. त्या रात्री त्या एक भाकरी जास्त जेवल्या.

आता पुढं जे झालं त्याला बुद्धी फिरली म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. त्यांचा हिशोब साधा होता. बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवसापासून गुटीत ज्येष्ठमध उगाळून चाटवतोच ना आपण? आपल्या आईनं चाटवलं, आपण ऋजुताला चाटवलं. मग जे जन्मल्यावर चालतं ते जन्माआधी दोन महिने गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि त्या चाखणीचं काय घेऊन बसलात, ती तर लोणच्याच्या फोडीलाही पिवळी होते! गुटीत काडी सहाणेवर दोन-तीन वळसेच फिरवायची असते आणि इथं वाटीभर रस निघत होता, हे काही त्यांच्या हिशोबात आलं नाही.

मग सकाळच्या दुधात ज्येष्ठमध, नाचणीच्या आंबिलीत ज्येष्ठमध, दुपारच्या खिरीत ज्येष्ठमध. आधी नुसत्या पदार्थात चाखणी बुडवायची, हिरवा दिवा लेकीला दाखवायचा, आणि मग पाठ करून वाटीतला पिवळसर रस आत ओतायचा. हे करताना पहिल्यांदा त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. पुढं सवय झाली.

"आई, बिनसाखरेचं एवढं गोड कसं गं लागतं?" ऋजुता विचारायची.

"आईचा हात आहे तो," उज्ज्वलाबाई म्हणायच्या.

आकडे पन्नाशी ओलांडून गेले. निहार आता सासूबाईंचं कौतुक करू लागला. नीलमबाईंची सोलकढी वीसवर घसरली. एकदा त्यांनी अगदी बिचकत विचारलंसुद्धा, "विहीणबाई, काय घालता हो त्यात? मलाही शिकवा ना." "काही नाही हो, आपलं साधंच," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना असं काही सुख झालं की विचारू नका. हळूहळू नीलमबाईंनी स्वयंपाकघरात यायचं कमी केलं. त्या भाजी निवडून द्यायच्या, भांडी पुसून ठेवायच्या. घर आता उज्ज्वलाबाईंचं होतं.

आणि मग लेकीची पावलं सुजायला लागली.

आधी वाटलं, दिवस भरत आलेत, सुजायचीच. मग डोकं दुखायला लागलं, पायांत गोळे यायला लागले. तपासणीला गेली तर रक्तदाब एवढा चढलेला की डॉक्टर कस्तुरेंनी तिला घरी सोडलंच नाही.

डॉक्टर कस्तुरे म्हणजे मोजकं बोलणारी बाई. त्यांनी ऋजुताच्या खाटेशी सगळ्यांना उभं केलं आणि सरळ सांगितलं. "बत्तिसावा आठवडा आहे. दाब असाच राहिला तर आईला झटके येऊ शकतात. उद्या सकाळपर्यंत उतरला नाही तर बाळाला बाहेर काढावं लागेल. त्याची फुप्फुसं अजून तयार नाहीत, म्हणून आज इंजेक्शन देते. पण मला एक कळत नाहीये. गरोदरपणातल्या दाबात लघवीतून प्रथिनं जातात, हिची जात नाहीयेत. उलट पोटॅशियम घसरलंय. खाण्यात काय होतं? मीठ? लोणचं, पापड, सुकी मासळी?"

सगळ्यांच्या नजरा नीलमबाईंकडं वळल्या.

"सुक्या जवळ्याची चटणी केली होती," नीलमबाई चाचरत म्हणाल्या. "तिला तोंडाला चव नव्हती म्हणून. चमचाभरच दिली. दोनदा."

"आई!" निहार ओरडला. "चाखणी पिवळी झाली होती ना? कितीदा सांगितलं तुला!"

"चुकलंच माझं," नीलमबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना ओढणी लावली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी उज्ज्वलाबाईंच्या मनात आनंदाची उकळी फुटली. लेक सलाइन लावून पडलीय, आणि ही बाई मनात म्हणतेय, बरी खोड मोडली! त्या उकळीची त्यांना पुढं जन्मभर लाज वाटली. पण फुटली खरी.

"चमचाभर चटणीनं एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरचे काढे? ज्येष्ठमध वगैरे?"

"नाही हो," ऋजुता क्षीण आवाजात म्हणाली. "महिन्याभरापूर्वी एकदा घशासाठी घेतलं होतं, तेवढंच. बाकी सगळं चाखणीतून जातं आमच्याकडं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. उज्ज्वलाबाईंना तो ऐकू आलाच नाही. त्यांनी खाटेचा कठडा धरला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "का हो डॉक्टर? ज्येष्ठमधानं काय होतं? ते तर आपण गुटीत घालतो."

"गुटीत कितीसं जातं? ते रोज पोटात जायला लागलं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. सूज येते, दाब चढतो. त्याहून वाईट म्हणजे वारेत, बाळाची नाळ जिला जोडलेली असते तिच्यात, एक राखणदार असतो. माणूस ताणाखाली असला की रक्तात एक रसायन वाढतं. आईच्या रक्तातलं ते बाळापर्यंत पोचू नये म्हणून हा राखणदार ते दारातच निकामी करतो. ज्येष्ठमध या राखणदाराला झोपवतं. मग आईचा ताण थेट बाळाच्या मेंदूपर्यंत." डॉक्टरांनी हातातल्या पाटीवर घोटपट्टीचा आलेख उघडला. "हे बघा, घोट किती वाढलेत. तुम्ही घरचे खूश असाल. पण गोड लागलं की बाळ गिळतं, तसं ते बेचैन असलं तरी गिळतं. पट्टीला त्यातला फरक कळत नाही." त्यांनी मान वर केली. "का विचारलंत? दिलं होतंत का?"

सगळे बघत होते. लेक बघत होती. जावई बघत होता. आणि ती वेंगुर्ल्याची बाई, डोळे पुसत, तीही बघत होती.

"नाही हो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

बाहेर व्हरांड्यात येऊन त्या बाकड्यावर बसल्या. त्यांच्या डोक्यात एकच घोकंपट्टी चालली होती. आता द्यायचं नाही. बंद. आजपासून काडीला हात लावायचा नाही. आपोआप उतरेल दाब. कुणाला कळायची गरजच काय? पण उद्या सकाळी उतरला नाही तर? तर पोट चिरतील. कच्ची फुप्फुसं. नाही, उतरेल. देवा, उतरू दे. आत्ता सांगितलं तर लेक तोंड बघणार नाही माझं. जावई हाकलून देईल. आणि ती? ती काय म्हणेल? ती काहीच म्हणणार नाही, नुसती बघेल, आणि ते तर अजिबात सोसवणार नाही.

तेवढ्यात नीलमबाई हातात पिशवी घेऊन आल्या. मुला-सुनेचे कपडे आणायला त्या डॉक्टर गेल्याबरोबर घरी जाऊन आल्या होत्या.

"विहीणबाई," त्या शेजारी बसत म्हणाल्या, "मी संध्याकाळच्या गाडीनं जाते. निहारचं बरोबर आहे, माझ्या हातून चूक झाली. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही. बाळ तुमच्या हातचं तरी घेतं." त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. "तुम्ही सकाळी करून ठेवलेलं दूध फ्रीजमध्ये तसंच होतं. कोमट करून आणलंय. तिनं सकाळपासून काही घेतलं नाही. हे देते तिला, आणि मग निघते."

आणि त्या उठल्या. खोलीच्या दाराकडं चालू लागल्या.

उज्ज्वलाबाई बाकड्यावर बसून बघत होत्या. नीलमबाईंचा हात दाराला लागला.

"थांबा!" असा काही आवाज त्यांच्या घशातून निघाला की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. त्या धावल्या. थर्मासवर झडप घातली. झाकण उडालं आणि दूध दोघींच्या अंगावर, फरशीवर, सगळीकडं सांडलं.

"त्यात ज्येष्ठमध आहे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "रोज घातलंय मी. सगळ्यात घातलंय. चाखणी बुडवून झाल्यावर. तुमच्यापेक्षा जास्त घोट यावेत म्हणून." मग त्यांना हुंदका आवरेना. "मी माझ्याच लेकीला विष घातलं हो!"

नीलमबाईंच्या ओढणीवरून दूध ठिबकत होतं. त्या बघत राहिल्या. त्या बघण्यात काय होतं ते उज्ज्वलाबाईंना कळलं नाही, कारण त्यांनी मान वर केलीच नाही. मग नीलमबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं, चांगलं दुखेल इतकं घट्ट. "आधी डॉक्टरांना सांगा," त्या म्हणाल्या. "रडायचं मागनं."

डॉक्टर कस्तुरेंनी सगळं ऐकून घेतलं. किती दिवस, किती वेळा, किती रस. रागावायलाही त्यांना वेळ नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं औषधं बदलली, पोटॅशियम सुरू केलं. "हे आधी कळलं असतं तर हिला इतकं सोसावं लागलं नसतं," जाता जाता त्या म्हणाल्या. "आणि आत्ताही कळलं नसतं, तर उद्या मी पोट उघडलं असतं."

सकाळपर्यंत दाब थोडा उतरला. फार नाही, पण उतरला. पूर्ण ओसरायला दोन आठवडे लागतील, पण बाळाला बाहेर काढायची घाई आता नको, असं डॉक्टर म्हणाल्या. निहार सासूशी एक शब्द बोलला नाही. पाण्याची बाटली आणायला म्हणून तो बाहेर गेला, आणि खोलीत मायलेकी उरल्या.

ऋजुता छताकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "का केलंस आई?"

"तू त्यांची व्हायला लागली होतीस," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. "मला बघवेना."

"आणि बाळ?"

"बाळ माझं व्हावं असं वाटलं."

ऋजुताच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. पण बोलली ती तडकून. "दोन महिने झाले, दोघी भिंतीकडं बघताय. एक घास घेतला की दोघींच्या माना तिकडं. माझ्या तोंडाकडं बघितलंत कुणी? पोटुशी मी आहे ना? डोहाळे मला लागायचे असतात ना गं आई? पोरगं काय गिळतंय ते सगळ्यांना माहीत. मला काय खावंसं वाटतंय, ते एकदा तरी विचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून एकदाही नाही. आपल्या वेळी शेजारपाजारच्या बायासुद्धा विचारायच्या, आणि आपण, सख्खी आई, आकडे बघत बसलो.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं तुला?"

ऋजुतानं मान वळवली. खोटं बोलून आईला बरं वाटेल असं काही सांगावं, एवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"नीलमआईंच्या हातची पेज," ती म्हणाली. "उकड्या तांदळाची. गरम."

उज्ज्वलाबाईंच्या काळजात सर्रकन सुरी फिरली. पण त्या उठल्या. डॉक्टरांना विचारून आल्या. वाटीभर चालेल, मीठ घालू नका, असं उत्तर मिळालं. नीलमबाई व्हरांड्यातच होत्या, त्यांची गाडी काल त्यांच्याविनाच गेली होती.

"तिला तुमच्या हातची पेज हवीय," उज्ज्वलाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या.

"माझ्या?" नीलमबाई गडबडल्या. "नाही हो, तुमच्या हातची म्हणाली असेल. तुम्ही करा. मी तांदूळ देते काढून."

"तुमच्याच हातची म्हणाली. मी कानांनी ऐकलं." त्यांनी पदर खोचला. "चला, मी चूल सांभाळते, तुम्ही शिजवा. मला त्यात काही घालायला सांगू नका."

घर जवळच होतं. नीलमबाईंनी तांदूळ धुतले, उज्ज्वलाबाईंनी आधण ठेवलं. तांदूळ फुटेपर्यंत उज्ज्वलाबाई पळीनं ढवळत उभ्या राहिल्या आणि नीलमबाई म्हणतील तेव्हा पाणी वाढवत राहिल्या. चाखणीही नीलमबाईंच्याच हातात दिली, त्यांना बुडवू दिली. चवीला घेतली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या पेजेला तसं काहीच नाही, नुसता तांदूळ आणि पाणी. आणि तरी लेकीला तीच हवी होती.

दवाखान्याच्या खोलीत नीलमबाईंनी डब्यातली अर्धी वाटी पेज जरा निववून दिली. ऋजुतानं चमचा तोंडाला लावला. डोळे मिटले. कालपासून आवळलेला तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. "किती बरं वाटलं हो, नीलमआई," ती म्हणाली.

जळलं. उज्ज्वलाबाईंचं आत खोलवर, पार तळापर्यंत जळलं. ते काही एका दिवसात विझणार नव्हतं. त्यांनी लेकीच्या उशीजवळ हात टेकला आणि ती खाते आहे, एवढंच बघत राहिल्या. वाटी रिकामी झाली. लेकीनं डब्याकडं पाहिलं, पण मागितलं नाही.

"उरलेली पण वाढा हो तिला, विहीणबाई," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तिला अजून हवीय."